नाशिकहून एका दिवसात नका करू
इमॅजिकाच्या सहलीवरच्या या लेखात म्हटलंय की नाशिकहून पहाटे निघून खोपोलीजवळचं हे थीम पार्क एका दिवसात करून परत येता येतं, पण लहान पोरं बरोबर असतील तर अजिबात नका करू. आम्ही पहाटे 4 ला नाशिकचं द्वारका सर्कल सोडलं, कसारा घाट उतरेपर्यंत धाकटीला दोनदा उलटी आणि खोपोलीला पोचलो तर पोरं पेंगलेली. आदल्या रात्री खोपोली नाहीतर लोणावळ्यात मुक्काम करा.

आणि उंचीचं लेखात काहीच नाही! तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरला उंचीची अट आहे, आमचा मोठा महिनाभर तेच घोकत होता, मोजायला उभा केला तर दोन बोटं कमी, पोराचं तोंड एवढंसं झालं हो. निघायच्या आधी घरीच भिंतीला टेकवून मोजा. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, तेही लिहायला हवं होतं.