साडूभाऊंचं गोल्फ

साडूभाऊ पुण्याला मुलाकडे राहून आले ते डोक्यात गोल्फ घेऊनच. केळीच्या भावाचा भरवसा नाही, कापसाला बोंडअळी. तेव्हा जळगावजवळच्या वडिलोपार्जित रानात कंट्री क्लब काढायचा. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, म्हणून नकाशा माझ्या गळ्यात. साडूचा शब्द मोडला तर घरात कळण्याची भाकरीसुद्धा मिळायची नाही. त्यामुळे मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, मी रुमाल गुंडाळून टेप धरून उभा.

18 होलच्या मैदानाला शंभरावर एकर लागतात. कमाल जमीन धारणा कायदा कोरडवाहूलाही 54 एकरांवर थांबवतो. म्हणजे भावांचे सातबारे जोडणं आलं, आणि मधल्या बांधाचा दावा तर कोर्टात पडलेला. साडूभाऊ म्हणाले, "बांध नकाशात अडथळा म्हणून दाखवा." म्हणजे मनाईहुकुमावरून चेंडू मारायचा!

ग्रीनखाली, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली, फूटभर वाळू, वाळूखाली खडी, असा रिवाज आहे. पाणी झिरपून गेलं पाहिजे. आपल्या काळ्या मातीला वाळू घालायची म्हणजे जन्माचं काम. तिच्या एका भेगेत माझ्या टेपचं टोक गेलं ते हात घालूनही लागेना. चेंडू गेला तर? मी नियम वाचून गेलो होतो. उंदराच्या बिळात गेला तर बिनदंड बाहेर घेता येतो. भेगेला ती सवलत नाही. क्लबच्या समितीने ती जागा 'दुरुस्तीखाली' जाहीर केली तरच. मार्च ते जून आमचं अख्खं मैदानच दुरुस्तीखाली जाहीर करावं लागेल.

होल सव्वाचार इंच व्यासाचा. साडूभाऊंनी सालदाराला नमुना काढायला सांगितलं. आम्ही चहा पिऊन येईतो दीड बाय दीड फुटाचा चौकोनी खड्डा तयार. हाताला केळीचंच वळण, त्याचा काय दोष? शेणखतही आणून ठेवलं होतं.

खरी गंमत गवताची. साडूभाऊंनी पुण्याहून ओल्या गोणपाटात गुंडाळून 'बर्म्युडा' गवताचा तुकडा आणला होता. तो त्यांनी दागिना दाखवावा तसा उलगडला. सालदाराने एक काडी उपटली, गाठीपाशी मोडली, माझ्याकडे पाहिलं. हराळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा, शास्त्रीय नावासकट तीच. जिच्यापायी उन्हाळ्यात खोल नांगरटी होतात, बायामाणसं वेचवेचून मुळ्या जाळतात, तीच.

"आख्खा जलम हरायी खणामा गया," सालदार म्हणाला, "आन आते पैसा दिसन लावतस?"

साडूभाऊंनी ऐकलं नाहीसं केलं. मी पाण्याचं विचारलं. हे गवत रोज पाणी मागणार. विहिरीला तळ लागलेला, वीज रात्रीची.

"ते बघू. तुम्ही आधी दहाव्या होलपाशी तळं काढा. पाण्याचा अडथळा लागतोच."

"तळ्यात पाणी कुठलं घालणार?"

साडूभाऊंनी क्षणभर विचार केला.

"मग टँकर उभा करू ना, भाऊ. अडथळाच पाहिजे ना?"