श्वास मोजून मिळत नाहीत, आणि चालल्यानं तर मुळीच संपत नाहीत

मागच्या आठवड्यात गावी गेलो तर मोठी आई बाजेवर बसलेली, पायावर गोधडी, आणि तिचा दम लागला का ओढायचा औषधाचा पंप फडताळातल्या स्टीलच्या डब्यात, वरून झाकण घट्ट लावलेलं. म्हटलं, मोठी आई, काहून बंद केलं फिरणं? तर म्हणे, "पोट्ट्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं ना बापा. चाललं का श्वास खर्च होतात म्हणे, उरलेले पुरवून पुरवून वापरा लागते."

अठरा दिवस. अठरा दिवस ही बाई बाजेवरून फक्त जेवायला आणि बाहेर जायला उठली. जिनं आठ महिने एक-एक विजेचा खांब वाढवत घरापासून मारोतीच्या देवळापर्यंतचं चालणं कमावलं होतं. मी शाळेत पीटी शिकवतो, बीपीएड करताना शरीरशास्त्र शिकलो, डॉक्टर नाही. पण एवढं तर मला नक्की कळते का त्या मेसेजमध्ये काय खोटं आहे, आणि आता लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी मेसेज काय आहे ते सांगतो, कारण आमच्या गावात तो भजनी मंडळाच्या ग्रुपपासून पोलीस भरतीच्या पोरांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरून राहिला आहे. "धाप लागणाऱ्यांनी हे वाचाच" असं वर लिहिलं आहे. खाली मुद्दे असे: माणसाला जन्मताच श्वास मोजून मिळतात, दिवसाचे २१,६००, जो जोरात श्वास घेतो त्याचे लवकर संपतात, कासव हळू श्वास घेते म्हणून शंभरच्या वर जगते, म्हणून दम लागणाऱ्यांनी चालणं बंद करावं. पंपाची सवय लागते. बिडी न ओढणाऱ्याला फुफ्फुसाचा आजार होतच नाही, डॉक्टर घाबरवतात. अंग दुखते म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचं विष साचलं, लिंबू-सोडा घ्या. कापूर-ओवा-लवंगाची पोटली हुंगली का ऑक्सिजन वाढते. एक मिनिट श्वास रोखता आला का फुफ्फुस ठणठणीत. साठीनंतर व्यायाम केला तर स्नायू झिजतात. आणि शेवटी "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले". कोणत्या शास्त्रज्ञानं, कोणत्या साली, काही नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा पहिलाच आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

२१,६०० हा आकडा आपल्या जुन्या ग्रंथांत आहे आणि तो चुकीचा नाही, मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे बरोबर तेवढेच होतात. एवढं मी मान्य करतो. पण ते दिवसाचं मोजमाप आहे, जन्माचा कोटा नाही. नुकतं जन्मलेलं लेकरू मिनिटाला ३० ते ६० श्वास घेते. म्हणजे मेसेजच्या हिशोबानं ते बाळंतिणीच्या खोलीतच दुप्पट-चौपट भावानं आयुष्य उधळून राहिलं आहे असं म्हणायचं का? आणि कासव हळू श्वास घेते कारण त्याचं शरीर थंड आहे, त्याला आपल्यासारखी आत सतत ऊब राखावी लागत नाही, म्हणून ऑक्सिजन लागतच कमी. माणूस बाजेवर पडून राहिला म्हणून कासव होत नाही, तो फक्त अशक्त होतो.

आता खरी गोष्ट. मोठ्या आईसारख्या माणसाला दम लागते तो सगळाच्या सगळा फुफ्फुसातून येत नाही, त्यातला एक मोठा हिस्सा मांडीतून येते. ऐकायला विचित्र वाटते पण असंच आहे. दम लागते म्हणून माणूस बसते, बसलं का मांडीचे स्नायू बारीक होतात, त्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद कमी होते, मग बाजेवरून उठून मोरीपर्यंत जायचं म्हटलं तरी ते स्नायू लवकरच लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करायला लागतात. ते अ‍ॅसिड रक्तात मारायचं तर त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघते, आणि तो बाहेर फेकायचं काम कोणाचं? त्याच थकलेल्या फुफ्फुसांचं. म्हणून श्वास वाढते. श्वास वाढला का सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागायच्या आजारात, आणखी एक भानगड होते, जुनी हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत नवीन आत घ्यावी लागते, छाती फुगल्यासारखी अडकून बसते. मग भीती वाटते, आणि भीतीनं माणूस आणखी बसते. या फेऱ्यात मेसेजनं तिला मागून धक्का दिला.

१९९१ साली रिचर्ड कासाबुरी नावाचे संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी नेमकं हेच तपासलं. अशा १९ पेशंटना ८ आठवडे सायकलवर व्यायाम करायला लावला आणि नंतर पुन्हा आधीएवढंच काम करायला लावून मोजलं. रक्तातलं लॅक्टिक अ‍ॅसिड आधीपेक्षा कमी निघालं, आणि तेवढ्याच कामासाठी मिनिटाला जेवढी हवा आत-बाहेर करावी लागायची तीसुद्धा कमी निघाली. ज्यांनी जास्त जोरानं व्यायाम केला त्यांच्यात फरक जास्त. म्हणजे मेसेजचीच भाषा वापरायची तर चालणाऱ्या माणसाचं तेच काम कमी श्वासात होते! श्वास वाचवायचे असतील तर चाला, असं लिहायला पाहिजे होतं, आणि लिहिलं बरोबर उलटं.

मोठ्या आईला मी बंडीचं उदाहरण दिलं. बैल म्हातारा झाला, तो काही पुन्हा गोऱ्हा होत नाही. पण चाकाला वंगण दिलं तर त्याच बैलाला तीच बंडी हलकी जाते. फुफ्फुस तिचं बैल आहे, मांड्या चाक आहेत. व्यायामानं फुफ्फुस नवीन होत नाही, फुंकायच्या टेस्टचे आकडे जवळपास तसेच राहतात, हे पण मी तिच्यापासून लपवलं नाही.

आणि एकाच अभ्यासावर विश्वास ठेवू नका म्हणणारे असतील तर त्यांच्यासाठी: कॉक्रेन नावाची संस्था आहे, जगभरचे अभ्यास गोळा करून चाळते. त्यांनी २०१५ मध्ये सीओपीडीच्या पेशंटना शिस्तीत व्यायाम देऊन काय होते याच्या ६५ चाचण्या एकत्र केल्या, पेशंट ३,८२२. धाप कमी, थकवा कमी, स्वतःच्या आजारावर आपला ताबा आहे असं वाटणं वाढलं, आणि ६ मिनिटांत जेवढं चालता येते त्यात सरासरी ४४ मीटरची भर. ४४ मीटर ऐकून कोणी हसेल, पण साधारण ३० मीटरचा फरक पेशंटला स्वतःला जाणवते असं धरतात, आणि ज्या बाईला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते तिला विचारा ४४ मीटर म्हणजे काय. पुरावा इतका पक्का होता का त्या लोकांनी लिहिलं, व्यायाम द्यावा का देऊ नये या प्रश्नावर अशा नवीन चाचण्यांची आता गरज नाही, प्रश्न मिटला. वैद्यकात असं फार कमी वेळा म्हणतात. आणि जो प्रश्न तिथं २०१५ मध्ये मिटला त्याच्यावर आमच्या ग्रुपमध्ये कासवाचा फोटो टाकून उत्तर दिलं जाते.

पंपाचं. याचाही मला फार राग आहे, कारण ती भीती घराघरात आधीपासूनच आहे, मेसेजनं फक्त त्यात रॉकेल ओतलं. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या पंपातून एका दाबेला १०० मायक्रोग्रॅम औषध निघते. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, चाळीस दाबांएवढं, आणि ते पोटातून साऱ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. लोक गोळीला साधं औषध समजतात आणि पंपाला "शेवटचं", हे बरोबर उलटं आहे. आता थोडं खरं त्यातही आहे. स्टेरॉइडवाल्या पंपानं तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. आणि तात्पुरता आराम देणारा पंप दिवसेंदिवस जास्त वेळा लागून राहिला असेल तर ती सवय नाही, आजार हाताबाहेर चालल्याची खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. डब्यात झाकून ठेवायचा नाही.

"बिडी न ओढणाऱ्याला होत नाही" हे वाचून तर मला मोठ्या आईचं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आलं. चाळीस वर्षं चुलीसमोर, पराट्या आणि तुराट्यांचा जाळ, पावसाळ्यात ओल्या पराटीचा तो डोळ्यात जाणारा धूर, धाब्याखाली एक खिडकी. बिडीला तिनं कधी हात नाही लावला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आहे का बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होते, आणि जगात चुलीच्या धुराची झळ लागणारे लोक तेव्हा सुमारे ३०० कोटी होते. गॅस आला आमच्याकडे, पण आंघोळीचं पाणी अजून पराटीवरच तापते. ते बंद करा हे मेसेजमध्ये लिहिलं असतं तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

बाकीचे मुद्दे पटापट.

लॅक्टिक अ‍ॅसिड. वर मी त्याचं नाव घेतलं म्हणून कोणी म्हणेल, पहा, विषच ना. नाही. मेहनत करताना ते तयार होते आणि तासाभरात रक्तातून जवळपास साफ होते, उलट हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, जॉर्ज ब्रूक्स या शास्त्रज्ञानं हे दाखवून चाळीस वर्षं होत आली. आमची भरतीची पोरं रोडनं १६०० मीटर मारतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंडऱ्या धरून बसतात, तेव्हा रक्तात जास्तीचं लॅक्टिक अ‍ॅसिड उरलेलंच नसते. ते दुखणं स्नायूच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं असते, उतारावर धावलं किंवा टाकीच्या पायऱ्या उतरल्या का जास्त, आणि सहसा आपोआप जाते. सोड्याचं अर्धं खरं आहे हे कबूल करतो: खायचा सोडा मोजून घेतला तर काही मिनिटांच्या जोरदार मेहनतीत खेळाडूला थोडा फायदा होते, हे संशोधनात दिसलं आहे. पण ते दुखण्यासाठी नाही, आणि मात्रा पहा, किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८ ग्रॅम, त्यात जवळपास ५ ग्रॅम सोडियम. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगते दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवा. बीपीवाल्या म्हाताऱ्यांना हा घोट पाजणाऱ्यांनी जरा विचार करा.

कापराची पोटली: कापूर, पुदिना यांनी नाकातल्या थंडाव्याच्या नसा जाग्या होतात, नाक मोकळं झाल्यासारखं वाटते. वाटते. रक्तातला ऑक्सिजन तिथंच राहते. लहान लेकरांच्या हाताला कापूर लागू देऊ नका, गिळला तर फिट येतात.

श्वास रोखण्याची टेस्ट करोनात पण फिरली होती, १० सेकंद रोखला का करोना नाही म्हणून, तेव्हाच डब्ल्यूएचओनं खोटी आहे सांगितलं होतं. रोखलेला श्वास सोडावा लागते तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं, आणि किती वेळ दम काढता येते हे सवयीवर आणि जिद्दीवर पण असते. यात एक धोका सांगून ठेवतो, पोरं विहिरीत बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास घेतात जास्त वेळ राहता यावं म्हणून, त्यानं कार्बन डायऑक्साइड धुऊन जाते, वर या असा इशाराच मिळत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध जाते. हे करू नका रे.

साठीनंतर स्नायू झिजतात ते बसल्यानं जास्त झिजतात. १९९० मध्ये बोस्टनला मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायानं वजन उचलायला लावलं, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. १९९४ मध्ये सरासरी ८७ वयाच्या १०० जणांवर केलं, तिथंही ज्यांनी वजन उचललं त्यांची ताकद दुपटीवर गेली. मोठी आई सदुसष्टची आहे.

तिला आता परत सुरुवातीपासून लावलं आहे. डॉक्टरांशी फोनवर बोललो, पंप त्याच दिवशी सुरू. बाजेवरून उठ-बस पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. उन्हाच्या आधी चालणं, पहिल्या खांबापर्यंत. दम लागला का थांबायचं, ओठ शिट्टीसारखे करून हळूहळू हवा सोडायची, फुंकणीनं विस्तव जपून फुलवतो तसं. हे तिला एकदाच सांगावं लागलं. छातीत दुखलं, ओठ निळे दिसले, बेडका पिवळा-हिरवा झाला तर चालणं नाही, दवाखाना.

अठरा दिवसांत गमावलेलं किती दिवसांत परत येईल ते पाहतो आहे. परवा दुसऱ्या खांबापर्यंत गेली आणि खांब धरून उभी राहिली, आधी तो खांब ती न थांबता ओलांडायची.

ज्यानं वाचून दाखवलं तो माझा चुलतभाऊच आहे, लहान आहे, मोठ्या आईवर जीव आहे त्याचा, म्हणूनच वाचून दाखवलं. त्याला एवढंच म्हटलं, भाऊ, ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलं, त्या प्रत्येक ग्रुपवर हे पण टाक, आणि ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांना फोन करून विचार, पंप कुठे ठेवला आहे.