लिटल अंदमानला जायचे असेल, तर आधी वेळ काढा

अंदमानच्या सहलीचा मराठी साचा आता इतका पक्का झाला आहे की, माणूस निघण्यापूर्वीच तो परत आल्यावर कोणते फोटो टाकणार हे सांगता येते. सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम, स्वराज द्वीपावरचा (पूर्वीच्या हॅवलॉकवरचा) राधानगर किनारा, शहीद द्वीपावर (पूर्वीच्या नीलवर) जेमतेम अर्धा दिवस, आणि लगेच परतीचे विमान. सेल्युलर जेलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सावरकर १९११ ते १९२१ या काळात जिथे बंदिवान होते, ती जागा पाहण्यासाठी महाराष्ट्रातून माणसे एवढ्या लांब येतात याचे मला मोल आहे, आणि मीही सर्वप्रथम तिथेच गेले होते. तक्रार आहे ती त्यानंतर सुरू होणाऱ्या धावपळीबद्दल. मी लिटल अंदमानला राहून आल्याचे कळल्यापासून ओळखीपाळखीच्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "दोन दिवसांत उरकेल का?" नाही, उरकणार नाही, आणि जे उरकायचेच आहे, त्यासाठी एवढा समुद्र ओलांडून जाण्याची गरजही नाही.

लिटल अंदमान हे अंदमान द्वीपसमूहाचे दक्षिण टोक. त्याच्या खाली टेन डिग्री चॅनेल ही सामुद्रधुनी लागते आणि त्यापलीकडे निकोबार सुरू होते. पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, पण जेट्टीवर अजून कोणाच्या तोंडी ते फारसे बसलेले नाही) हे बेट सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. पर्यटकाने तिथे जायचे ते सरकारी जहाजाने, आणि जहाज कोणते मिळते व समुद्र कसा आहे त्यानुसार सहा ते आठ तास धरून चालायचे. हेलिकॉप्टर आहे, पण त्यातल्या मोजक्या जागांवर पहिला हक्क रुग्णांचा आणि बेटावरच्या रहिवाशांचा आहे, आणि तो तसाच असावा. जहाजाचे वेळापत्रक हवामानावर अवलंबून असते, बदलते, कधी आदल्या संध्याकाळी जाहीर होते. स्वराज द्वीपाला जाणाऱ्या वातानुकूलित खासगी बोटींची सवय झालेल्या माणसाला हे सारे गैरसोयीचे वाटते. मला मात्र वाटते की, या बेटाचे आजवर जे काही रक्षण झाले, त्यात या गैरसोयीचा वाटा मोठा आहे.

जहाजावरचे सहप्रवासी पाहिले म्हणजे आपण पर्यटनस्थळी निघालेलो नसून कोणाच्या तरी गावी निघालो आहोत, हे लगेच ध्यानात येते. माझ्या समोरच्या बंकवर एक बाई दवाखान्यातून परतत होत्या. त्यांच्या पायथ्याशी एक्स-रेचा मोठा लिफाफा, कोंबडीच्या पिल्लांचे भोके पाडलेले खोके आणि नवा प्रेशर कुकर होता. जहाज डुलू लागले तशी त्यांनी पिल्लांच्या खोक्यावर ओला पंचा टाकला, माझ्या हातात न विचारता आल्याचा तुकडा ठेवला आणि स्वतः निवांत झोपी गेल्या.

हट बे हे बेटाचे मुख्य गाव आणि बंदर. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने ते जवळजवळ पुसून टाकले होते. त्यानंतरची बरीच वस्ती किनारा सोडून मागच्या टिकऱ्यांवर, म्हणजे टेकड्यांवर, वसवली गेली. त्यामुळे समुद्राकाठची गजबज पाहायला आलेल्याला हट बे जरा विस्कटलेले, रिकामे वाटू शकते. बेटावर एकच मुख्य रस्ता आहे, तो जेट्टीपासून पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे जातो, आणि पत्ता सांगताना लोक गावाच्या नावाआधी किलोमीटरचा आकडा सांगतात. कोण कुठे राहतो, तर "सोलह किलोमीटर में". हिंदी ही सगळ्यांची सामाईक भाषा, कारण या एका रस्त्यावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली कुटुंबे आहेत, तेलुगू आणि तमिळ आहेत, छोटा नागपूरकडून मजुरीसाठी आणलेले आणि आजही 'रांचीवाले' म्हणूनच ओळखले जाणारे लोक आहेत, आणि हरमिंदर बे येथे निकोबारी वस्ती आहे.

इथल्या दिवसाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बेटाची संथ लय सर्वात आधी अंगात भिनते ती सूर्यामुळे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि हे बेट साधारण साडेब्याण्णव अंशांवर, म्हणजे गुवाहाटीच्याही पूर्वेला. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास तो मावळतो आणि सहाला मिट्ट काळोख होतो. सकाळी आठला उठून, नाश्ता करून, दहाला बाहेर पडण्याच्या आपल्या सुट्टीच्या सवयीत अर्धा दिवस हातचा जातो. पहाटे पाचला उठावे, उजाडता उजाडता किनाऱ्यावर असावे, ऊन चढले की सावलीत यावे, दुपारी झोपावे, आणि चारच्या सुमारास पुन्हा बाहेर पडावे. हे काही फावल्या वेळाचे तत्त्वज्ञान नव्हे. त्या रेखांशावर आणि त्या दमट हवेत शरीराला झेपणारे तेवढे एकच वेळापत्रक आहे. दोन दिवसांसाठी आलेल्याला ते जमेपर्यंत परतीच्या जहाजाची वेळ झालेली असते.

बटलर बेचा किनारा जेट्टीपासून सुमारे चौदा किलोमीटरवर आहे. लांबच लांब वाळू, मागे नारळ आणि त्यामागे लगेच जंगल. लाटा जोमदार येतात, आणि त्या लाटांसाठी सर्फिंग करणारे जगभरातून इथे येऊन गेले आहेत. त्याच्या अलीकडे, वाटेत, काळ्या खडकांचा कालापत्थर किनारा. पोहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट कानावर असू द्यावी. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि ओढ्याचे मुख जिथे समुद्राला मिळते तिथे त्यांचा वावर असू शकतो. पाण्यात उतरण्यापूर्वी जवळच्या घरात विचारावे; लोक आपणहून नीट सांगतात. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि त्यांची खाज आठवडाभर जात नाही. हेही फोटोत दिसत नाही.

व्हाइट सर्फ धबधब्याकडे जाताना जंगल जवळून दिसते. धबधबा साधाच आहे, सह्याद्रीत पावसाळे काढलेल्याला त्याचे अप्रूप वाटणार नाही; पण झाडे पाहण्यासाठी तरी जावे. गर्जन वृक्षाचे खोड सरळ वर जाते, पहिली फांदी कुठे फुटली हे पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि बुंध्याशी मुळांच्या पुरुषभर उंच भिंती पसरलेल्या असतात. अशा दोन भिंतींच्या बेचक्यात मी बराच वेळ बसून होते. तिथे वारा लागत नाही, वाळवीच्या मातीच्या ओल्या रेघा खोडावर चढत गेलेल्या दिसतात, आणि वरून पाऊस पडू लागला तरी पाणी खाली पोचायला चांगलाच अवधी लागतो.

मग त्याच वाटेवर अचानक पामची रांगोळीसारखी आखीव लागवड सुरू होते. १९७० च्या दशकात इथे घनदाट जंगल तोडून सुमारे सोळाशे हेक्टरवर तेलताडाची लागवड करण्यात आली. बेटाला विकासाच्या वाटेवर आणण्याची ती त्या काळची योजना होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंदमानातील वृक्षतोडीवर कडक बंधने आणली, तेव्हा अशा लागवडींचा विस्तारही थांबला. आज त्या रांगांमधून चालताना पक्ष्यांचा आवाज एकदम कमी होतो. जंगल तोडायला काही वर्षे पुरली, आणि त्या जागी जे लावले त्याने ना बेट श्रीमंत झाले, ना जंगल परत आले. बेटावर नवी योजना मांडणाऱ्या प्रत्येकाने आधी या बागेत तासभर फिरून यावे.

हे बेट मुळात ओंगे आदिवासींचे. १९०१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६७२ असावी असा अंदाज नोंदवला गेला होता. २०११ मध्ये ती १०१ होती, तर त्याच वर्षी बेटाची एकूण लोकसंख्या अठरा हजारांच्या वर होती. १९५७ मध्ये संपूर्ण बेट त्यांच्यासाठी राखीव झाले आणि पुढे १९७० च्या दशकात त्यातून तुकडे काढून बाहेरच्यांची वस्ती, शेती, लाकूडतोड यांना जागा करून देण्यात आली. तरीही सुमारे सातशे चौरस किलोमीटरच्या या बेटाचा निम्म्याहून अधिक भाग आजही ओंगे राखीव क्षेत्र आहे आणि तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. त्सुनामीच्या दिवशी समुद्र मागे हटलेला पाहून डुगाँग क्रीक या वस्तीतले ओंगे लगेच उंचावर निघून गेले आणि वाचले. २००८ मध्ये मात्र किनाऱ्याला वाहून आलेल्या डब्यातला विषारी द्रव दारू समजून प्यायल्याने त्यांच्यातले आठ पुरुष दगावले. शंभर माणसांच्या समाजात आठ पुरुष म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि तरीही लोक विचारतात, "आदिवासी बघायला मिळतात का?" २०१२ मध्ये अंदमानातल्याच जारवा आदिवासींना रस्त्यावर नाचायला लावणाऱ्या चित्रफिती बाहेर आल्यावर देशभर संताप झाला होता, त्याला फार काळ लोटलेला नाही. हा प्रश्न माझ्याकडे कृपया आणू नका. मिळत नाहीत, आणि मिळू नयेत.

इथवर वाचून कोणी म्हणेल की, शहरातल्या सुखसोयी भोगून आलेल्या बाईला बेटावरच्या लोकांचे हाल रम्य वाटतात. हा आक्षेप रास्त आहे, आणि तो मला जेट्टीवरच्या चहावाल्या दीदींनीच सुनावला. जहाज त्या दिवशी सुटणार नाही असे जाहीर झाले होते आणि बरे झाले, आणखी एक दिवस मिळाला, असे मी आनंदाने बोलून गेले. त्या म्हणाल्या, "आपका जहाज रुकता है तो छुट्टी बढ़ती है, हमारा मरीज रुक जाता है।" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बेटावरच्या माणसांना भरवशाचे जहाज हवे, तज्ज्ञ डॉक्टर असलेला दवाखाना हवा, मुलांसाठी शिक्षणाची सोय हवी. २०२० मध्ये समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल त्यांनाही तितकीच लागते जितकी आपल्याला. या मागण्यांना विरोध करण्याचा कोणत्याही पर्यटकाला अधिकार नाही.

पण रहिवाशाची गरज आणि पर्यटकाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळा पहिलीचे नाव पुढे करून दुसरीसाठी जमीन घेतली जाते. लिटल अंदमानसाठी निती आयोगाने आखलेल्या आराखड्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या, तेव्हा त्यात सिंगापूर-हाँगकाँगशी स्पर्धा करणारे नवे शहर होते, विमानतळ होता, कॅसिनो होता; आणि त्यासाठी सुमारे २४० चौरस किलोमीटर जमीन लागणार होती, म्हणजे जंगलाच्या मोठ्या भागावर, तसेच १३८ चौरस किलोमीटर ओंगे राखीव क्षेत्रावर पाणी सोडावे लागणार होते. वन विभागाने त्यावर गंभीर आक्षेप नोंदवले होते. मी त्या आराखड्यात चहावाल्या दीदींचा मरीज शोधून पाहिला. ज्याला रुग्ण पोर्ट ब्लेअरला वेळेत पोचवायचा आहे, तो जादा जहाजे मागेल, हट बेचा दवाखाना सुधारून मागेल. कॅसिनो मागणार नाही.

याच बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. जगातली ही सर्वात मोठी समुद्री कासवे. इथून निघालेल्या काही माद्यांवर संशोधकांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, तर काही थेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे गेल्याचे दिसले. त्यांना अंधार आणि मोकळी वाळू लागते, बाकी काही नाही. किनाऱ्यालगत दिव्यांची रांग उभी राहिली की पिल्ले समुद्राऐवजी दिव्यांकडे जातात, हे जगभरच्या किनाऱ्यांवर दिसून आले आहे.

तेव्हा जायचे असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यानंतर परतीचाही, आणि समुद्र खवळला की जहाज सुटत नाही. पोर्ट ब्लेअरहून परतीचे विमान जहाज पोचण्याच्या दिवसाचे कधीही घेऊ नका. मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, त्यात सेल्युलर जेल घाईविना पाहून होते. रोख पैसे बरोबर असू द्या. निवासाची व्यवस्था साधी मिळते, मासे आणि भात उत्तम मिळतो, शाकाहारी माणसाला डाळ-भाजीवर भागवावे लागेल. शिंपले आणि प्रवाळ उचलून आणू नका, त्याला कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते; शिवाय त्या शिंपल्यांची वाट पाहणारे शंखवासी खेकडे प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण पाठीवर घेऊन फिरताना मी पाहिले आहेत. आणि ज्यांच्याकडे एकूण पाच-सहा दिवसांचीच रजा आहे, त्यांनी पोर्ट ब्लेअर आणि शहीद द्वीप एवढेच ठेवावे, शहीद द्वीपावर निदान तीन रात्री राहावे, आणि लिटल अंदमान मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवावे. जहाजाच्या तिकिटांविषयी काही विचारायचे असल्यास इथेच विचारा, माहीत असेल ते सांगेन.