हे भंगारात चालत नाही, साहेब

भंगारवाल्याने परवा माझा दिवा घ्यायला नकार दिला. कमी पैसे देतो म्हणाला असता तर मी घासाघीस केली असती, तेवढा व्यवहार मला येतो. पण मी फुकट देत होतो, आणि त्याला तो फुकटही नको होता.

दिवा म्हणजे टेबललॅम्प. रिकाम्या बाटलीपासून मी स्वतः घरी केलेला, टाकाऊतून टिकाऊ. आधी तो दिवाणखान्यात होता, मग बेडरूममध्ये गेला, मग कपाटावर चढला आणि त्या दिवशी रद्दीच्या गठ्ठ्यावर आढळला. तिथे कुणी ठेवला हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. घरात माणसं तीन, त्यातला एक मी.

भंगारवाला कसून काम करणारा निघाला. रद्दी त्याने झटपट तोलली, दिव्याला मात्र वेळ दिला. खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दिव्याभोवती हळूहळू फिरवलं. ते कुठेच चिकटलं नाही. मग काचेवर टिचकी मारून कान लावला. अंगठ्याच्या नखाने सुतळीची एक कड उचकटली, आतला गोंद बघितला, बोटांत चोळला आणि पॅंटला पुसला. माझ्या या निर्मितीकडे आजवर इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिलं नव्हतं. मला उगाचच आशा वाटायला लागली.

"काय आहे हे?"

"टेबललॅम्प."

"ते दिसतंय. आहे कशाचं?"

"काच आहे," मी म्हणालो.

"काच होती," तो म्हणाला.

मग त्याने दिवा उलटा केला. "हे चमकतंय काय?"

"जुन्या सीडी. तुकडे करून चिकटवल्यात. मोझेक."

"म्हणजे प्लास्टिक. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख, तोही नावाला. वर सोनेरी रंग, खाली सुतळी, मधे गम. आणि बूड एवढं जड का?"

"प्लास्टर ओतलंय. पडू नये म्हणून."

"पडला असता तर बरं झालं असतं. काच तरी सुटी झाली असती."

मी जरा दुखावलो. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने दिवा खाली ठेवला आणि मला समजावून सांगायला सुरुवात केली. "बघा साहेब, आमचा सगळा धंदा वेगळं करायचा आहे. कागद कागदात, पत्रा पत्र्यात, काच काचेत. तुम्ही सगळं एक केलंत. आता हे काचेत टाकलं तर काचवाला मला शिव्या देणार, प्लास्टिकमध्ये टाकलं तर प्लास्टिकवाला. अख्खी बाटली असती तर धुऊन परत भरायला गेली असती. फुटकी असती तर भट्टीत गेली असती. ही कुठंच जात नाही." आणि मग, सगळे रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टर ज्या आवाजात नातेवाइकांना विचारतात त्या आवाजात, "आधी का नाही आणलीत?"

"आधी ती नुसती बाटली होती."

"तेच म्हणतोय मी."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, जाऊ दे, पैसे नकोत, फुकट घेऊन जा. तर म्हणे, फुकट न्यायलाही गाडीत जागा लागते. मग थोडं थांबून, माणुसकी म्हणून, "वायर कापून द्या, आत तांबं आहे." मी बाणेदारपणे नाही म्हणालो. तोवर त्याची नजर आतल्या फळीवर गेली होती. "आणि ती पिस्तूल? चिकटवायची? ती द्या. तिच्या वायरलाही तांबं असतं, आणि ती गेली की तुमच्या घरचा माल मला बरा मिळेल." हे तो विनोदाने म्हणाला नाही. जाता जाता म्हणाला, "माझी पोरगीपण करते असलं. तिला सांगून ठेवलंय, गम लावायच्या आधी मला विचारत जा."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण हा संवाद चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन पायरीवर थांबल्या होत्या. आमच्या जिन्यात कुणाचाही अपमान साक्षीदाराशिवाय होत नाही. भंगारवाला गेल्यावर त्या हळहळून म्हणाल्या, "नाही ना नेत? मग आमच्याकडचाही नेणार नाही."

"तुमच्याकडचा?"

"तुम्हीच दिलात की, आमच्या ह्यांच्या पंचाहत्तरीला."

दिवा मी रागाने जिन्यातच ठेवला. संध्याकाळी सेक्रेटरींनी त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'सदर भंगार संबंधितांनी त्वरित उचलावे.' मी खाली लिहिलं, 'सदर वस्तू भंगार नसल्याचे तज्ज्ञांनी पाहणी करून कळवले आहे.'

आता तुम्ही म्हणाल, दिवाच वाईट असेल. नव्हता. कृती मी काटेकोरपणे पाळली होती. व्हिडिओतल्या बाई पहिल्याच वाक्यात म्हणाल्या होत्या की हे सगळं आपण 'घरात पडून असलेल्या वस्तूं'पासून करणार आहोत. त्या बाईंच्या घरात ग्लू गन पडून होती, सोनेरी ॲक्रिलिक रंग पडून होता, वॉर्निश, दिव्याचा होल्डर आणि काच कापायचं यंत्रही पडून होतं. माझ्या घरात बाटली पडून होती. बाकीचं सगळं मी विकत आणलं. त्यात एक सोडून दोन दिवे आले असते, तयार, शेडसकट. पण ते काही टाकाऊतून टिकाऊ झाले नसते, हा मुद्दा मी घरात मांडला होता आणि आजही मागे घेतलेला नाही.

यंत्र तेवढं आणलं नाही, कारण यंत्राशिवायही काच कापता येते. दोरा नेलपेंट रिमूव्हरमध्ये भिजवायचा, बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा आणि ज्योत विझत आली की बाटली गार पाण्यात बुडवायची. काचेतून उष्णता सावकाश पसरते, त्यामुळे दोऱ्याखालची पट्टी तेवढी तापते, आजूबाजूची काच गारच राहते आणि एकदम थंड पाणी लागलं की तिथे तडा जातो. इथवर विज्ञान आपल्या बाजूने असतं. तडा सरळ जावा असा काही निसर्गनियम नाही. माझ्या बाटलीचा तडा दोऱ्याबरोबर अर्धा वळसा गेला आणि मग स्वतःच्या मर्जीने वर चढला. सुतळी म्हणून गुंडाळायची असते. हस्तकलेत सुतळी जिथे जिथे दिसेल, तिच्याखाली काय आहे हे करणाऱ्याला विचारू नये.

गोंदाची गंमत निराळीच. शाळेपासून आपण वापरतो तो पांढरा गोंद पाणी उडून गेल्यावर धरतो. कागदात, लाकडात, कापडात ते पाणी मुरून जातं. पण एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला सीडी असेल तर ते जाणार कुठे? रात्री लावलेली सीडी सकाळी पाहावी तर बाटलीच्या कमरेवरून घोट्यापर्यंत आलेली. म्हणून ग्लू गन. गरम गोंदाला पाण्याचा प्रश्न नाही, तो निवला की धरतो. फक्त तो जसा निवल्यावर धरतो तसा तापल्यावर सोडतो, आणि दिवा ही वस्तू तापते. घरी पाहुणे होते, मी कौतुकाने दिवा लावला (जुना पिवळा बल्ब होता, उजेड छान देतो) आणि अर्ध्या तासाने मोझेकचा एकेक तुकडा टेबलावर टपटप पडायला लागला. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "हे असं मुद्दाम आहे का?" मी हो म्हणालो. नंतर एलईडी बसवला.

मोठ्या लोकांचं कसं असतं बघा. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट घेतली, तिच्यावर सायकलचंच हँडल बसवलं आणि झालं बैलाचं मुंडकं. दोनच वस्तू. ना सुतळी, ना सोनेरी रंग. आज ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. आमच्या भंगारवाल्याला ते पसंत पडलं असतं, चामडं एकीकडे, धातू एकीकडे. २००४ साली लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये गुस्ताव मेट्झगर यांच्या एका कलाकृतीचा भाग असलेली कागद-पुठ्ठ्यांची पिशवी सफाई कामगाराने खरोखरचा कचरा समजून फेकून दिली. केवढा गहजब झाला! पिशवी सापडली, पण ती खराब झाल्यामुळे मेट्झगरनी दुसरी भरून दिली. जगभर बातमी गेली, लोक हसले, हळहळले. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. त्याची कला कचरा म्हणून का होईना, कुणीतरी उचलली तरी.

पण माझा खरा राग दिव्यावरून नाही. दिवा माझ्या हौसेचा होता. सक्तीच्या हस्तकलेचं काय? मुलीच्या शाळेतून अधूनमधून फर्मान येतं: टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी करून आणा, परवापर्यंत. टाकाऊ वस्तू काय शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे टाकाऊ होतात? मग आईबाप दुकानात धावतात. दुकानात आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट मिळतं. आयुष्यात आइस्क्रीमचं तोंड न पाहिलेल्या काड्या, कडा घासलेल्या, काही तर लाल-हिरव्या रंगवलेल्या. टाकाऊ म्हणून विकत घ्यायच्या. कागदी कपही तिथेच, ज्यातून कुणी काही प्यायलेलं नाही. स्ट्रॉ तशाच. त्या काड्यांचं घर होतं, घराला कापसाचा धूर येतो, खाली चकाकीच्या कागदाचं तळं येतं, आणि 'पर्यावरण वाचवा' असं थर्माकोलवर लिहून ते शाळेत जातं. दोन दिवस व्हरांड्यात मांडतात. तिसऱ्या दिवशी ते घर परत घरी येतं, आणि तेव्हा मात्र ते खरोखर टाकाऊ झालेलं असतं. भंगारवाला तेही नेत नाही. मी विचारलंय.

आणि हे करतं कोण? सगळ्यांना माहीत असतं कोण करतं. मूल दहा वाजता झोपतं. प्रदर्शनात मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्यांमागे आयांची कात्री ओळखू येते. मागे एका तिसरीतल्या मुलाने म्हणे पुठ्ठ्याचा झुलता पूल केला होता, त्याला बाईंनी विचारलं कसा केलास, तर म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो." पहिला नंबर त्यालाच मिळाला. माझ्या मुलीने स्वतः केलेला, एका बाजूला कललेला पेनस्टँड 'फिनिशिंग नाही' म्हणून मागच्या टेबलावर गेला. त्यात पेनं राहत होती, अजूनही राहतात. पण ते कुणी विचारलं नाही.

अरविंद गुप्तांनी आयुष्यभर हेच केलं आणि किती वेगळं केलं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व काडेपेटीच्या काड्या घेऊन मुलांपुढे बसला. नळीचा बोटभर तुकडा, त्यात दोन्हीकडून काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करून दाबा, लगेच कलतो. पुलांमध्ये आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, हे पोराला न सांगता कळतं. खेळणं मोडलं तर काड्या परत काड्या, नळी परत नळी. ना गोंद, ना वॉर्निश, ना फिनिशिंग. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. शाळेच्या प्रदर्शनात त्यांचा तो त्रिकोण ठेवला असता तर मागच्या टेबलावरच गेला असता, याबद्दल माझी खात्री आहे.

घरातल्या 'लागेल कधीतरी'च्या कोपऱ्याबद्दल मला बोलायचं नव्हतं, पण निघालंच आहे तर सांगतो. तिथे झाकणं आहेत, ज्यांचे डबे नाहीत. जुन्या जीन्सचे नुसते खिसे आहेत. टी-शर्टच्या आडव्या कापलेल्या पट्ट्या आहेत. त्या ओढल्या की कडा आपोआप आत वळतात आणि छान जाड दोरा होतो, त्याचं पायपुसणं होणार आहे. होणार आहे हे मी ठणकावून सांगतो. बायकोचं म्हणणं असं की पूर्वी आपल्या घरात कचरा होता, आता साहित्य आहे, आणि कचरा निदान रोज सकाळी जायचा.

काल रात्री साडेनऊला मुलीने दप्तरातून चिठ्ठी काढली. उद्या आगगाडी, रिकाम्या काडेपेट्यांची, डबे किमान बारा. घरात काडेपेटी एक, तीही भरलेली. मी खाली जाऊन डझनभर आणल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून एकेक उघडून काड्या पातेल्यात ओतायला लागलो. बायको शांतपणे बघत उभी होती.

"आता या एवढ्या काड्यांचं काय करायचं?"

"थांब ना आई," मुलगी म्हणाली. "काड्यांचं घर पुढच्या महिन्यात आहे."