‘आठ वर्षं झाली की सर्व्हर बंद करा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डीमर्जरनंतर, म्हणजे एका कंपनीच्या दोन कंपन्या झाल्यावर, हिशेबाच्या आणि पगाराच्या जुन्या संगणक-सिस्टिम कशा बंद कराव्यात, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुम्ही सीए आहात आणि दोन डीमर्जर जवळून पाहिलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिस्टिमचा क्लोन काढून नव्या कंपनीच्या हवाली केला की झालं, शनिवार-रविवारचं काम. कायद्यानं हिशेब आठ वर्षं ठेवायचे, ते एक्सेल आणि पीडीएफमध्ये काढून सर्व्हर बंद करावा. आणि आम्ही आयटीवाले भीती घालून बिलं वाढवतो. या शेवटच्या वाक्यानं वाईट वाटलं. पण तशी बिलं मीही पाहिली आहेत, तेव्हा त्यावर वाद घालत नाही. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मात्र मला बोललंच पाहिजे.

क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत. मूळ सिस्टिममध्ये दोन्ही धंद्यांचं सगळं असतं: पुरवठादारांशी ठरलेले दर, ग्राहकांना दिलेल्या सवलती, मूळ कंपनीत राहणाऱ्या माणसांचे पगार. उद्या याच दोन कंपन्या एखाद्या टेंडरमध्ये समोरासमोर येऊ शकतात. म्हणजे प्रत काढायला दोन दिवस पुरतील, पण त्यातलं दुसऱ्याचं पुसायला महिने लागतात. सिस्टिममध्ये दोन्ही धंद्यांना वेगळे कोड दिलेले असले तरी पुरवठादारांची यादी एकच असते. एकाच ऑर्डरवर दोन्ही कारखान्यांचा माल आलेला असतो. शिवाय अपॉइंटेड डेट, म्हणजे ज्या तारखेपासून विभाजन झालं असं धरलं जातं ती. तुम्हाला मी काय सांगणार! विभाजनाला मंजुरी देणाऱ्या कंपनी न्यायाधिकरणाचा (एनसीएलटी) आदेश हाती येईपर्यंत त्या तारखेला कित्येक महिने उलटून गेलेले असतात. मधल्या काळातल्या नोंदी सगळ्या जुन्या कंपनीच्या नावावर आणि जुन्या जीएसटी क्रमांकावर. त्यातली कुठली कुणाची, हे क्लोन सांगत नाही.

‘शनिवार-रविवारचं काम’ वाचल्यावर मला ब्रिटनमधली टीएसबी बँक आठवली. सरकारी मदतीच्या बदल्यात लॉइड्स या मोठ्या बँकेला आपला काही भाग वेगळा काढावा लागला. त्यातून २०१३ मध्ये टीएसबी उभी राहिली आणि २०१५ मध्ये ती स्पेनच्या साबाडेल बँकेनं घेतली. तोवर टीएसबीचा कारभार लॉइड्सच्याच सिस्टिमवर, भाडं देऊन चालत होता. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी सगळे ग्राहक नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. डेटा नीट गेला, प्लॅटफॉर्म मात्र लगेच अडखळला. सुमारे १९ लाख लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंड दंड केला. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती आणि चाचणी एकाच सेंटरवर झाली होती, हे नंतरच्या चौकशीत समोर आलं. मी तो अहवाल वाचला तेव्हा त्या शनिवारी रात्री खोलीत बसलेल्या माणसांचा विचार मनातून जात नव्हता. चाचणीला आणखी वेळ द्या, असं म्हणणारा माणूस अशा वेळी एकटा पडतो.

आता एक्सेल. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. मध्यम आकाराच्या कारखान्याच्या आठ वर्षांच्या नोंदी त्यापलीकडे सहज जातात. सिस्टिममधून काढलेली साध्या मजकुराची (सीएसव्ही) फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि पंधराच्या पुढचे आकडे शून्य होतात. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा असाच जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पीडीएफची अडचण वेगळी. बिल सापडतं, पण त्या बिलामागची ऑर्डर, माल आल्याची पावती आणि दिलेले पैसे यांची साखळी तुटलेली असते. जीएसटीची नोटीस आल्यावर तुम्हाला नेमकी ती साखळीच दाखवायची असते.

आणि आठ वर्षं. कंपनी कायद्याचं कलम १२८ तुम्ही बरोबर सांगितलंत. पण ते हिशेबाच्या वह्यांबद्दल आहे. माणसाची नोकरी आठ वर्षांत संपत नाही.

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं वाढीव पेन्शनचा निकाल दिला. पूर्ण पगारावर पेन्शन हवी असेल तर मालकानं भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला जुन्या पगाराचा तपशील द्यायचा होता, काहींच्या बाबतीत थेट नोव्हेंबर १९९५ पासूनचा. त्या वेळी मी चाकणच्या एका कंपनीचं काम पाहत होते. तिचं विभाजन काही वर्षांपूर्वी झालं होतं आणि पगाराची जुनी सिस्टिम ‘मुदत संपली’ म्हणून बंद केली होती. कॉम्प्युटर विभागाकडे टेप होत्या, त्या वाचणारं यंत्र नव्हतं. निवृत्त कामगार गेटवर यायचे. जुन्या कंपनीत गेलं की नव्या कंपनीकडे जा म्हणायचे, आणि नवी म्हणायची, तुमचा पगार आमच्याकडे कधी नव्हताच. एचआरच्या दोन मुलींनी गोडाउनमधल्या पोत्यांतून फॉर्म ३-अ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीची, जुनी कार्डं काढली आणि महिन्यामहिन्याचे आकडे हातानं टाइप केले. तपशील भरायची मुदत पुन्हा पुन्हा वाढून ३१ जानेवारी २०२५ पर्यंत गेली, म्हणून निभावलं. तरी काही जणांची दोन-तीन वर्षं सापडलीच नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं उभं राहून काम केलेल्या माणसाला ‘तुमची नोंद नाही’ हे सांगताना मी तिथे होते. तुमच्या ‘बंद करा’ या दोन शब्दांवर मी इतकं लांबलचक लिहितेय ते त्यामुळे.

तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. जुना सर्व्हर ‘फक्त बघण्यापुरता’ म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवणं चूक आहे. त्याला सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत, लायसन्सचे पैसे जातात, आणि तो चालवता येणारा शेवटचा माणूसही एक दिवस निवृत्त होतो. साखळ्या शाबूत ठेवून डेटा साध्या डेटाबेसमध्ये काढावा, लेखा विभागाच्या माणसानं स्वतः शोधून बघावा, आणि मग सर्व्हर खरोखर बंद करावा. त्याआधी वर्षभर नुसती लॉगिन बंद ठेवून थांबावं. महिना पुरत नाही, कारण सिस्टिममध्ये आपोआप चालणारी काही कामं (जॉब) वर्षातून एकदाच चालतात. फॉर्म १६ चा जूनमध्येच आठवतो. वजनकाट्याचा संगणक जुन्या सिस्टिममधून गाड्यांची यादी उचलतोय, हे आम्हाला अशाच एका थांबण्यात कळलं.

सगळं कायमचं ठेवा, असंही मी म्हणत नाही. नाकारलेल्यांचे अर्ज, वैद्यकीय तपासण्यांचे कागद, आधारच्या प्रती यांचं काम संपलं की ते नष्ट करावेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. पगार आणि सेवेची नोंद मात्र त्या माणसाची पेन्शन सुरू होऊन नीट चालू लागेपर्यंत ठेवावी.

तुमच्या सध्याच्या क्लायंटच्या सेवा-कराराची, म्हणजे वेगळं झाल्यावरही मूळ कंपनीची सिस्टिम वापरू देणाऱ्या कराराची, मुदत सहा महिने आहे, असं तुम्ही लिहिलंत. पुरणार नाही. मुदतवाढीचा दर आत्ताच ठरवून घ्या, नंतर तो मूळ कंपनी ठरवते. आणि सही होण्याआधी मसुद्यात पगाराच्या जुन्या नोंदींचा उल्लेख शोधा: त्या कुणाकडे राहतील, किती वर्षं, आणि कामगारानं मागितल्यावर किती दिवसांत द्यायच्या. मला आजवर बघायला मिळालेल्या करारांत हे कलम एकदाच होतं. मसुदा पाठवलात तर मी वाचून देईन, त्याचे पैसे नकोत.