एक ओळ बदलायची, तर सगळी फाइलच गळ्यात

फाइल मॅनेजरमध्ये (फाइली पाहण्या-उघडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) वर्डच्या डॉक्स फाइलवर एंटर दाबावे आणि मजकुराऐवजी आतल्या फोल्डरांची व एक्सएमएल फाइलींची यादी पडद्यावर यावी, याला काय म्हणावे? कारण मला ठाऊक आहे. डॉक्स ही मुळात झिपच, म्हणजे अनेक फाइली आवळून बांधलेले गाठोडे असते, तिच्या सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरे असतात, ई-पुस्तकांच्या ईपब आणि लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलींचेही तेच. आणि कोणती फाइल कशात उघडायची, हे फाइल मॅनेजर नियमांची यादी वरून खाली वाचत ठरवतो. त्यामुळे झिपचा आशय ओळखणारा नियम वर आणि डॉक्सचा खाली लिहिलेला असेल, तर खालच्या नियमाची पाळीच येत नाही. जो आधी जुळला तो लागू, बाकीचे गेले उडत. मान्य; पण हा क्रम लावणाऱ्याला एकदाही डॉक्स उघडून पाहावीशी वाटली नाही?

बरे, आपणच दुरुस्त करावे म्हटले, तर खरा संताप तिथे सुरू होतो. माझ्या फाइल मॅनेजरमध्ये होम डिरेक्टरीत (आपल्या स्वतःच्या फोल्डरात) स्वतःची नियमांची फाइल ठेवली, की तो मूळ फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे एक ओळ वर सरकवण्यासाठी सगळे नियम आधी नकलून घ्यायचे आणि पुढे त्यांची देखभाल जन्मभर आपणच करायची. पुढच्या आवृत्तीत एव्हिफ चित्रांसाठी किंवा झेडस्टँडर्डने आवळलेल्या फाइलींसाठी नवा नियम आला, तरी तो माझ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण माझी जुनी नक्कल वाट अडवून बसलेली असते. हे अटळ आहे असेही नाही. लिनक्सच्या डेस्कटॉपवर कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची हे ठरवणारी 'माइमॲप्स.लिस्ट' नावाची फाइल असते; तिच्यात आपल्याला हवे तेवढेच बदल लिहायचे, नको असलेला संबंध काढण्यासाठी वेगळा विभागही आहे, आणि बाकी सारे मूळ यादीतून येत राहते. इतकी सरळ सोय शेजारी असताना ती उचलायला कोणाची ना होती?

एक्स्टेन्शनवर (फाइलच्या नावातल्या टिंबानंतरच्या अक्षरांवर) विसंबणाऱ्या नियमांची तऱ्हा तर आणखी निराळी. टीएस म्हणजे व्हिडिओचा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड, की क्यूटी या प्रोग्रॅमिंग साधनसंचाची भाषांतराची फाइल? व्हिडिओ असेल तर साधारणपणे दर १८८ बाइटांनी ४७ हा षोडशमान बाइट येतो, म्हणजे आत डोकावले की उलगडा होतो; पण नियम नावापलीकडे पाहतच नाही आणि माझा कोड निमूटपणे व्हिडिओ प्लेअरच्या हवाली करतो. (कॅमेऱ्याने नावातले जेपीजी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिले म्हणून चित्र न उघडण्याचा प्रकार आहेच.)

आणि चूक झाली, तर ती सांगायची कोणी? नियमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवण्याच्या साच्यात) एक कंस बंद करायचा राहिला, तर ना त्रुटीचा संदेश, ना ओळीचा क्रमांक; तो नियम गुपचूप वगळला जातो आणि फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते. मग एकेक ओळ कॉमेंट करत, म्हणजे तात्पुरती निकामी करत, अंधारात चाचपडत बसायचे. 'फाइल' ही साधी आज्ञा क्षणात प्रकार सांगते, मग या फाइलला कोणत्या ओळीवरचा नियम लागू झाला, एवढे छापून दाखवायला या फाइल मॅनेजरला काय जड जाते? वर विचारले तर उत्तर काय, तर 'मॅन्युअल वाचा'. वाचले आहे. त्यात 'नियमांचा क्रम महत्त्वाचा आहे' एवढे एकच वाक्य आहे.