दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला नेमबाजी रेंजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तक्रारी चार आहेत. रिव्हॉल्व्हर तपासण्यात तुमचा अर्धा तास गेला, निम्म्या वयाच्या रेंज ऑफिसरने चालू सिरीज (पाच गोळ्यांची फेरी) "विनाकारण" थांबवली, लेनवर उजेड कमी असल्यामुळे फ्रंट साइट (बॅरलच्या टोकावरची नेमखूण) पुसट दिसली, आणि पैसे भरूनही प्रशिक्षकाने तुम्हाला भिंतीसमोर रिकामं रिव्हॉल्व्हर धरून उभं केलं. "मी सेंटर फायर खेळत होतो तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती" असंही तुम्ही लिहिलंय (सेंटर फायर म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नेमबाजीतला एक स्पर्धाप्रकार). तुमची मूठ धरण्याची पद्धत पाहून ते आम्हा सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरीही तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी आलं तर आम्ही हेच सगळं पुन्हा करू. ते का, हे मोघम न सांगता लिहायचं म्हणून उत्तर लांबलंय. जुनं रिव्हॉल्व्हर कपाटातून काढून परत यायचा विचार करणारे आणखी काही जण हे वाचतील, त्यांनाही उपयोग होईल.

सर्वांत आधी थांबवलेली सिरीज. तुमच्या चौथ्या गोळीचा आवाज दबका आला. तुम्ही कानावर मफ लावून, साइटवर नजर ठेवून उभे होता, तुम्हाला तो फरक जाणवणं अवघडच. मागे उभ्या असलेल्या ऑफिसरला तो जाणवला आणि त्याने लगेच "थांबा" म्हटलं. बॅरल तपासली, ती मोकळी निघाली. यावर तुम्ही लिहिलंय की काहीच नव्हतं, मग थांबवलं कशाला; दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं असतं तरी कळलं असतं.

काडतुसात दारू कमी असेल किंवा ती खराब झाली असेल तर गोळी कधीकधी बॅरलमध्येच अडकते. त्यानंतरची गोळी तिच्यावर जाऊन आदळली की बॅरल फुगते किंवा फुटते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अशा वेळी बऱ्याचदा आपणहूनच अडतं, कारण कमजोर काडतुसाच्या जोरावर स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल भाग, तुमच्या हाताच्या जोरावर फिरतो. आधीची गोळी बाहेर पडली की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हॅमर (काडतुसावर ठोका देणारा भाग) मागे ओढला की पुढचं काडतूस बॅरलसमोर हजर. आपल्या सगळ्यांना रिव्हॉल्व्हर ज्या साधेपणासाठी आवडतं, तोच साधेपणा इथे धोक्याचा ठरतो. टार्गेट पाहून खात्री झाली असती हेही तितकंसं खरं नाही. ग्रुप (छिद्रांचा पुंजका) विस्कटलेला असता तर छिद्रं मोजता आली असती, पण तुमची दोन छिद्रं एकमेकांत मिसळली होती. चांगल्या नेमबाजाच्या बाबतीत टार्गेटवर भरवसा ठेवता येत नाही तो असा. बॅरल मोकळी आहे हे फक्त बॅरलमध्ये पाहूनच कळतं. त्या डब्यातली उरलेली काडतुसं वापरू दिली नाहीत, त्याचंही कारण हेच. एक दबकं निघालं की त्याच्यासोबत तितकीच वर्षं, त्याच जागी पडून राहिलेल्या बाकीच्यांची हमी कोण देणार?

आता तपासणी. ती रिव्हॉल्व्हरची असते, माणसाची नसते. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर सावकाश मागे ओढत सिलिंडरमधलं प्रत्येक घर (काडतूस बसतं ती जागा) बॅरलसमोर येऊन नीट लॉक होतंय का ते पाहतात. लॉक व्हायला एखादं घर मागे राहिलं तर गोळी बॅरलच्या तोंडावर तिरपी घुसते आणि शिशाचा कीस सिलिंडरच्या फटीतून बाजूला उडतो, म्हणजे थेट शेजारच्या लेनवर. मग हॅमर पूर्ण ओढून, ट्रिगरला बोट न लावता, तो अंगठ्याने पुढे ढकलून बघतात. तो सुटला तर आतला खटका झिजलाय असं समजायचं, आणि ते रिव्हॉल्व्हर त्या दिवशी लेनवर जात नाही. तुमचं या दोन्हींत उत्तम उतरलं. ज्याने कुणी ते वर्षानुवर्षं तेल लावून सांभाळलं, त्याला दाद द्यायला हवी.

अडलं ते ट्रिगरच्या वजनावर. सेंटर फायरला ट्रिगरचा ओढ कमीत कमी 1000 ग्रॅम लागतो. हॅमर मागे ओढून, बॅरल उभी धरून, ट्रिगरला अडकवलेलं वजन रिव्हॉल्व्हरने उचलायचं. हॅमर पडता कामा नये. तुमचा पडला. सरावाला आम्ही तो चालवून घेतला, पण स्पर्धेच्या साहित्य तपासणीत तो चालणार नाही आणि तिथे तुमची जुनी पदकं कुणी विचारात घेणार नाही. त्यात स्प्रिंग नरम झाली असेल तर काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका पडतो आणि ऐन सिरीजमध्ये मिसफायर होतो. चांगल्या बंदूक कारागिराकडून स्प्रिंग बदलून घ्या. घरी कटर चालवू नका, एवढी विनंती. (नारिंगी सेफ्टी फ्लॅगला तुम्ही पोरकट दोरी म्हटलंय. दिसायला आहेच तशी. पण आता ती नियमाने लागते, आणि लांबूनही शस्त्र रिकामं असल्याचं कळतं.)

उजेडाबद्दल मात्र तुमचं निदान आम्हाला पटत नाही. त्याच लेनवर, त्याच दिव्यांखाली बाकीचेही खेळले. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होत जातं आणि हाताच्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसेनाशी होते. फ्रंट साइट नेमकी त्याच अंतरावर असते. तुम्ही पूर्वी शिकलात तेच आजही खरं आहे: साइट धारदार दिसली पाहिजे, टार्गेटचं काळं वर्तुळ धूसर चालेल. आज तुमचे डोळे याच्या उलट करतात. वर्तुळ स्वच्छ, साइट धूसर. मग मन आपोआप वर्तुळाकडे ओढलं जातं आणि ट्रिगर दाबताना साइट कुठे गेली ते समजतच नाही. तुमच्या खाली डावीकडे जाऊन आठच गुण मिळालेल्या गोळ्यांमध्ये याचा मोठा वाटा असावा, बोट थोडं घाईचं असलं तरी. रोजच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याने हे सुटत नाही, कारण योग्य पट्टा सापडेपर्यंत मान वर-खाली करावी लागते. नेमबाजीसाठी वेगळी काच करून घ्या. लांबच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर वाढवला की बहुतेकांची साइट स्वच्छ होते, पण नेमका आकडा तपासणीतच ठरतो. हात ताणून उभं राहा, डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या आणि तो आकडा चष्मेवाल्याला सांगा. रिव्हॉल्व्हर दुकानात नेऊ नका. हे सांगायची वेळ याआधी आमच्यावर आली आहे.

राहिली भिंत. "हे तर मी घरी फुकट करू शकतो" असं तुम्ही म्हणता. करा ना! आमचं तेच म्हणणं आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, सिलिंडर उघडून सगळी घरं पाहायची, स्नॅप कॅप (नकली काडतुसं) घालायच्या आणि कोऱ्या भिंतीसमोर ट्रिगर दाबताना साइट हलते का ते बघायचं. यात आमच्या लेनचं भाडं बुडतं, ते बुडू द्या.

हे पहिल्याच दिवशी सांगायला प्रशिक्षकाकडे कारण होतं. दीर्घ खंडानंतर तंत्र लवकर आठवतं, खांदा मागे राहतो. सेंटर फायरच्या पहिल्या, सावकाश टप्प्यात, म्हणजे प्रिसिजनला, 30 गोळ्या, पाच-पाचच्या सिरीजमध्ये, दर सिरीजला 5 मिनिटं. एवढं बरेच जण रेटून नेतात. खरी परीक्षा रॅपिडला, म्हणजे झटपट टप्प्याला. हात 45 अंशांत खाली, टार्गेट 3 सेकंद समोर, मग 7 सेकंद आड, त्या 7 सेकंदांत हॅमर ओढून पुन्हा तयार, असं पाच वेळा, आणि अशा सहा सिरीज. किलोभर वजनाचं रिव्हॉल्व्हर एका हाताने इतक्या वेळा उचलायचं. परतलेले नेमबाज जुन्या वहीत पाहून जुन्याच आकड्याने सराव सुरू करतात आणि काही आठवड्यांत कोपर धरून बसतात. तुमच्याकडून तिसऱ्या सिरीजनंतर रिव्हॉल्व्हर खाली ठेवून घेतलं, कारण हात थरथरायला लागला होता. थकलेल्या हाताने मारलेली प्रत्येक गोळी धक्क्याआधीच दचकायची सवय लावते आणि ती सवय मोडायला महिने जातात.

रॅपिडला रिव्हॉल्व्हर घेऊन उभा राहिलेला माणूस हल्ली क्वचित दिसतो. तुम्ही ते परत आणलंत याचा आमच्या प्रशिक्षकाला झालेला आनंद तुमच्यापर्यंत पोहोचला नसावा; तो बोलतो कमी. स्प्रिंग बदलून, ताजी काडतुसं आणि नवी काच घेऊन या. पहिली स्पर्धा सराव पातळीची निवडा, निवड चाचणी नको. तपासणी पुन्हा होईल, पण आता रिव्हॉल्व्हर ओळखीचं असल्यामुळे वेळ कमी लागेल.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, ते तुमचे आहेत. फक्त "विनाकारण" हा शब्द तेवढा काढा. तो ऑफिसर स्वतः सेंटर फायर खेळतो, आणि त्याने कारणाशिवाय कुणाची सिरीज थांबवल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.

आपला,
रेंजचालक